तिनं स्वतःला माफ केलं, मलाही केलं, आता मी काय करू?

आडवाट
मोठ्या बहिणीबद्दल आहे, लांबलचक होईल, सांभाळून घ्या. बाबा शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होते तेव्हा ताईनं सरळ हात वर केले, पैशाचं सोडा, साधा फोनसुद्धा नाही, आणि वर नातेवाइकांत असं पसरवलं की मीच तिला बाबांना भेटू देत नाही आणि सगळं हळूहळू स्वतःच्या नावावर करून घेतेय. हे बाबांच्या कानावर गेलं. ते काही बोलले नाहीत पण नंतर तिचं नाव काढणंच त्यांनी बंद केलं.

बाबा जाऊन आता बराच काळ झाला. मधे ताई एका ध्यानाच्या ग्रुपमध्ये जायला लागली आणि खरंच बदललीय, हे मी कुचकटपणे म्हणत नाहीये, आवाज खाली आलाय, चिडचिड गेलीय. तर परवा तिचा मोठाच्या मोठा मेसेज आला. सार असं की मी माझ्या भूतकाळाला पूर्ण स्वीकारलंय, मी स्वतःला माफ केलंय आणि तुलाही माफ केलंय (!!), आता तूही सगळं सोडून दे म्हणजे दोघी मोकळ्या होऊ. खाली हात जोडलेली इमोजी. 'माझं चुकलं' असं त्यात कुठेही नाही, शोधून शोधून थकले.

तर विचारायचं हे की ज्याला दुखावलं त्याला न विचारता माणूस परस्पर स्वतःला माफ करू शकतो का? आणि दुसरं, मीही थोडंफार ध्यानाला बसते, वाचते, ऐकते, सगळीकडे एकच, स्वीकार करा, क्षमा करा, राग धरणारा स्वतःच जळतो. मग मला जमत नाहीये म्हणजे मी कच्ची आहे का? ती पुढे गेली आणि मी मागे राहिले असं काहीतरी वाटतं आणि मग त्याचाच जास्त राग येतो. टोमणे नकोत, बाकी काहीही लिहा.

निवांत_बसलेला
जे झालं ते झालं. ज्याचं कर्म त्याच्यापाशी, तिचं ती बघेल. तुम्ही मनातून माफ करून टाका, ओझं शेवटी तुमच्याच डोक्यावर आहे. ती बदललीय असं तुम्हीच म्हणताय, मग अजून काय हवंय? कुठेतरी अहंकार आडवा येतोय असं मला तरी वाटलं. राग मानू नका.

पाटीपेन्सिल
राग मानू नका म्हणून अहंकार काढलात तिचा, वा.

क्षमेचा विषय निघाला की लोक युधिष्ठिराची बाजू तेवढी सांगतात. द्रौपदीची कुणी सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वात या दोघांचा यावर कडकडीत वाद आहे आणि द्रौपदी तिथे प्रल्हाद आणि बळीचा जुना संवाद ऐकवते, म्हणजे नातू आजोबांना विचारतो की क्षमा बरी की तेज, आणि आजोबा म्हणतात की सदा कडक राहणंही बरं नाही आणि सदा क्षमा करत राहणंही बरं नाही. पुढे चक्क नियमच दिलेत. ज्यानं पूर्वी आपल्यावर उपकार केलेत त्याला माफ करावं, नकळत घडलेलं माफ करावं, पहिला अपराध कुणाचाही असो पोटात घालावा. पण जाणूनबुजून करायचं आणि वर मला माहीतच नव्हतं म्हणायचं, अशाला सोडू नये, अपराध लहान असला तरी. आणि उठसूट माफ करणाऱ्याला नोकरचाकरसुद्धा किंमत देत नाहीत, हेही तिथेच आहे. सांगणारा कोण, तर प्रल्हाद, ज्याच्या भक्तीवर कुणी शंका घेणार नाही.

युधिष्ठिर मग क्षमेची थोरवी सांगतो, ते सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण द्रौपदीचं त्यानं समाधान होत नाही आणि भीमही नंतर तिच्याच बाजूनं बोलायला लागतो. सगळा वाद खुला ठेवलाय. मग आपल्याकडे सत्संगात आणि व्हॉट्सअॅपवर एकाच बाजूचं पाठांतर का चालतं कळत नाही. बहुतेक ज्याला माफी हवी असते तोच फॉरवर्ड करत असावा. (हलकं घ्या.)

मनोव्यापार
कामामुळे अशी नाती जवळून बघायला मिळतात म्हणून लिहितो, थोडं पुस्तकी वाटेल.

तुमचा पहिला प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्यावर अभ्यासही झालाय. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीत लिडिया वुडयाट आणि मायकेल वेन्झेल यांनी स्वतःला माफ करण्यावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की चूक केलेला माणूस साधारण तीनपैकी एका वाटेनं जातो. एक तर स्वतःला झोडपत बसतो. नाहीतर स्वतःला सोडून देतो, म्हणजे ते इतकं काही नव्हतं, परिस्थितीच तशी होती, समोरच्याचंही चुकलंच होतं की. आणि तिसरी वाट म्हणजे हो मी केलं, असं आधी पदरात घेणं, त्याची बोच काही काळ सहन करणं, आपण काय तुडवलं ते ओळखून पुन्हा त्याच्याशी बांधून घेणं आणि मग कुठे स्वतःशी समेट. गंमत अशी की दुसऱ्या वाटेवरच्या माणसालाही छान हलकं वाटतं. चेहरा शांत, झोप शांत. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला दुसरी आणि तिसरी वाट सारखीच दिसू शकते, आणि खुद्द त्या माणसालाही फरक कळत असेलच असं नाही.

एव्हरेट वर्थिंग्टन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, क्षमा हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९९६ च्या नवीन वर्षाच्या सुमारास त्यांच्या आईचा घरफोडीत खून झाला. त्यांनी त्या चोराला मनातून माफ केलं, तेही फार लवकर. पण आईला त्या अवस्थेत पहिल्यांदा पाहिलेला त्यांचा भाऊ पुढे २००५ मध्ये आत्महत्या करून गेला आणि आपण भावासाठी पुरेसं काही केलं नाही याबद्दल स्वतःला माफ करणं मात्र त्यांना कितीतरी जड गेलं. नंतर त्यांनी यासाठी ज्या पायऱ्या मांडल्या त्यात नात्याची डागडुजी सुरुवातीलाच येते आणि स्वतःला स्वीकारणं बरंच शेवटी. तुमच्या ताईंचा मेसेज थेट शेवटच्या पायऱ्यांवरून आलाय असं वाटतं. अर्थात एका मेसेजवरून माणूस ओळखता येत नाही, मनात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, हे पण लक्षात ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. याच वर्थिंग्टननी दोन गोष्टी वेगळ्या काढल्यात, निर्णय आणि भावना. मी बदला घेणार नाही, वाईट वागणार नाही हा निर्णय आज होऊ शकतो. आतला कडवटपणा जायला वेळ लागतो, कधी जातो कधी अर्धाच जातो. पहिलं झालं आणि दुसरं नाही झालं म्हणून तुम्ही कच्च्या ठरत नाही. आणि माफ करणं म्हणजे पुन्हा जवळ घेणंसुद्धा नाही, ती तिसरीच गोष्ट, कारण तिला दोघांची तयारी लागते. माफी एकटीनं देता येते, मैत्री एकटीनं करता येत नाही.

वाचतेय_फक्त
पहिल्यांदाच लिहितेय इथे. ज्ञानेश्वरांनीसुद्धा लोकांच्या बोलण्यानं दुखावून ताटी लावून घेतली होती अशी कथा आहे ना, आणि मुक्ताबाईंनी बाहेरून समजावलं. दातांनी जीभ चावली म्हणून बत्तिशी कुणी तोडतं का, असं त्या विचारतात. मला एवढंच वाटतं की मुक्ताबाईंना ते म्हणायचा हक्क होता. ज्या लोकांनी भावाला छळलं त्यांनीच तिलाही छळलं होतं, ती त्याच बाजूला उभी होती. दगड मारणाऱ्यांपैकी कुणी येऊन दार उघडा ज्ञानेश्वरा म्हणालं असतं तर?

पाटीपेन्सिल
@वाचतेय_फक्त, तुम्ही फक्त वाचत जाऊ नका हो, लिहीत जा.

आडवाट
सगळ्यांचे आभार. निवांत, राग नाही मानला, थोडा मानला.

मनोव्यापार यांनी लिहिलेलं दोनतीनदा वाचलं. ते निर्णय आणि भावना वेगळं असणं पटलं, कारण मी तिचं वाईट कधीच केलं नाही आणि करणारही नाही, ती आजारी पडली तर मी धावत जाईन हे मला माहितीये. पण आता लिहिताना लक्षात येतंय की मला माझ्यासाठी तेवढं नाही वाटत. माझ्याबद्दल बोलली ते एक वेळ गेलं उडत. बाबांचं काय? ते तर गेले तिच्याकडून एक शब्द न ऐकता. मी आता ठीक आहे ताई म्हटलं तर ती बाबांच्याही वतीनं ठीक आहे म्हटल्यासारखं होतं आणि तिथेच घसा आवळतो माझा.

चौथा_माळा
हे लिहिलंत ते बरं केलंत कारण गाठ बहुतेक इथेच आहे. बाबांच्या वाट्याची माफी तुमच्याकडे नाहीच, तुम्ही देऊ म्हटलं तरी देता येणार नाही. तुम्ही फक्त तुमच्या वाट्याची देऊ शकता. आणि ताई स्वतःला माफ करतेय ती सुद्धा फक्त तिच्या स्वतःशी असलेल्या भांडणापुरती, तुमचा हिस्सा त्यात मिटत नाही.

हा प्रश्न अख्ख्या देशाला पडलेला आहे, थोडं अवांतर होतंय पण सांगतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यावर १९९६ पासून सत्य आणि सलोखा आयोग बसला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. नियम असा की राजकीय कारणानं केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली दिली तर शिक्षेतून माफी मिळू शकेल. ७,००० हून जास्त अर्ज आले आणि त्यातले बहुतेक नाकारले गेले. पण माफीसाठी पश्चात्ताप दाखवण्याची अट मुळात नव्हतीच. खरं काय ते सगळं सांग, एवढंच. टुटू स्वतः क्षमेचे मोठे पुरस्कर्ते, पण पोलिसांच्या ताब्यात मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी हे मानलं नाही, ते या माफीच्या तरतुदीविरुद्ध थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. केस हरले. पण हरले म्हणून त्यांनी माफ केलं असं होत नाही ना. सरकारला फार तर शिक्षा सोडता येते, सरकारच्या हातात तेवढंच होतं. बिकोंच्या घरच्यांच्या मनातलं सरकार देऊ शकत नव्हतं आणि बिकोंच्या वतीनं तर कुणीच नाही.

मला त्यातलं एक पटतं की तिथे निदान खरं सांगणं ही पहिली अट होती. पश्चात्ताप मोजता येत नाही, नाटक करता येतं त्याचं. काय केलं ते मोजता येतं. तुमच्या ताईकडून तेवढं मागायला हरकत नाही.

निवांत_बसलेला
पण ज्यू, ख्रिश्चन, जैन सगळेच क्षमा सांगतात की. जैन तर सगळ्या जिवांना क्षमा करतात. सगळे चूक आणि द्रौपदी बरोबर?

खडूस_काका
@निवांत, जैन क्षमा देतात आणि त्याच दमात मागतातही. मी सर्व जिवांना क्षमा करतो, सर्व जीव मला क्षमा करोत, असं आहे ते. इथल्या ताईंनी त्यातलं अर्धंच घेतलंय. ख्रिश्चनांत येशू म्हणतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मुसलमानांतही शिकवण आहे की माणसाचा हक्क बुडवला असेल तर तो त्या माणसाकडूनच सोडवून घ्यावा लागतो. आणि ज्यूंचा तर सरळ नियम आहे, देवाचा अपराध प्रायश्चित्ताच्या दिवशी धुतला जातो, माणसाचा अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय नाही. तेव्हा देवाला भेटायचा रस्ता दुखावलेल्या माणसाच्या दारावरूनच काढलाय सगळ्यांनी.

आता आडवाट, जरा तुमच्याकडे वळतो, चिडू नका. बाराव्या शतकात मायमोनिडीज नावाचे मोठे ज्यू धर्मशास्त्री होऊन गेले, त्यांनी हे सगळं बारकाईनं लिहून ठेवलंय आणि त्यात दुखावलेल्याची पण कामं सांगितलीत. एक, समोरचा मनापासून मागत असेल तर अडून बसू नका, त्यानं तीनतीनदा येऊन मागितली तरी दिली नाहीत तर मग दोष तुमच्याकडे येतो. हे तुम्हाला लागू नाही, तिनं एकदाही मागितलेली नाही. पण दुसरं लागू आहे. मनात वैर धरून गप्प राहू नका, जाऊन विचारा की तू माझ्याशी असं का केलंस. तर विचारलंत का कधी? तोंडावर? नातेवाइकांकरवी नाही, मनातल्या मनात नाही. कारण माझा अनुभव असा आहे की असल्या गोष्टी पसरवणारा माणूस काही दिवसांनी स्वतःच त्या खऱ्या मानायला लागतो. तिच्या डोक्यात आजही तुम्ही तिला बाबांपासून तोडलेली धाकटी असाल. नाहीतर 'तुलाही माफ केलं' हे आलं कुठून?

आडवाट
नाही, सरळ असं कधी विचारलं नाही. बाबा असताना घरात आरडाओरडा नको म्हणून, आणि नंतर कशासाठी म्हणून. पण तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून बसूनच राहिले. मी धरून चालले होते की तिला माहितीये आणि ती लपवतेय. तिला खरंच असं वाटत असेल हा विचारच केला नव्हता, आणि त्यानं राग कमी झाला की वाढला तेही कळत नाहीये.

उंबरठा
उशिरा येतोय. तुमच्या ध्यानाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून तेवढंच.

बसल्यावर राग उकळून वर येतो म्हणजे तुम्ही नापास असं नाही. पाचव्या शतकातले बौद्ध आचार्य बुद्धघोष मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांबद्दल मैत्री वाढवायचं ध्यान, कसं करायचं ते सांगतात, त्यात क्रम ठरलेला आहे. आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर आणि जिव्हाळा आहे असा माणूस, मग ज्याच्याशी घेणंदेणं नाही असा, आणि वैरी सगळ्यात शेवटी. त्याच्यापासून सुरुवात करायचीच नाही असं बजावलंय. त्याच्यापाशी गेल्यावर राग आला तर मुकाट मागे फिरायचं, आधीच्या माणसांपाशी जाऊन बसायचं आणि मग परत. म्हणजे राग येणार हे त्यांनी धरलेलंच आहे. तरी नाही गेला तर उपायांवर उपाय देतात, एक तर भारीच आहे, की तू नक्की कशावर चिडलायस, त्याच्या केसांवर की नखांवर? आणि सगळ्यात शेवटी, काहीच चालत नसेल तर त्याला काहीतरी भेट दे. इतके उपाय ज्या अर्थी लिहावे लागले त्या अर्थी पंधराशे वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनाही हे जड जात होतं. आणि हे लोक घरदार सोडून आलेले, त्यांना वाटणीवरून बोलणारी बहीण पण नव्हती.

दुसरं, तुम्ही ज्या क्षमेनं दबून गेलाय ती सगळ्यांवर सारखं प्रेम करा अशी आहे. पतंजली एवढं मागत नाहीत. योगसूत्रांत चार माणसांसाठी चार वृत्ती सांगितल्यात, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा, म्हणजे त्याच्याबद्दल तटस्थ राहणं. तिथे ना प्रेम म्हटलंय ना शिक्षा. आणि हेतू काय, तर आपलं चित्त निर्मळ राहावं. ताईला काय वाटेल हा तिथे विषयच नाही. मला वाटतं तुम्ही तिथे बऱ्यापैकी पोचलेल्या आहात, वाईट करणार नाही म्हणता, आजारी पडली तर धावत जाईन म्हणता. मग कच्ची कोण? आपल्याला राग येतो यावरून आपली पातळी काढायची आणि ती शांत दिसते यावरून तिची, ही मोजपट्टीच मला पटत नाही. ती खरंच पुढे गेली असेल तर चांगलंच आहे, पण तुम्ही मागे आहात हे त्यावरून सिद्ध होत नाही, ही काय रांग थोडीच आहे.

स्वीकाराबद्दल एकच. जे घडलं ते घडलं हे मान्य करणं म्हणजे ते चालेल असं म्हणणं नाही. उलट घडलंच नाही असं वागणाऱ्याला स्वीकार जमलेला नसतो. त्या हिशोबानं तुम्ही दोघींत स्वीकार कुणी केलाय ते तुम्हीच बघा.

निवांत_बसलेला
अहंकाराचं वाक्य मागे घेतो. बाकीच्यावर विचार करतोय, अजून पूर्ण पटलं नाही. माझ्या मते काही ओझी कारण न विचारता खाली ठेवलेलीच बरी. पण ते ज्याचं त्यानं ठरवायचं, हे मान्य.

आडवाट
उंबरठा, वाचून मोकळं वाटलं, त्या नखांच्या वाक्याला तर हसूच आलं.

मी तिला उत्तर लिहिलंय, अजून पाठवलं नाही. इथे टाकते, सांगा कसं वाटतंय.

"ताई, तुझा मेसेज मिळाला. तू शांत झालीस याचं मला बरं वाटतंय आणि ते मनापासून सांगतेय. बाबा आजारी असताना तू आली नाहीस आणि मी तुला येऊ देत नव्हते असं तू लोकांना सांगितलंस. तसं नव्हतं. बाबांना ते कळलं होतं. तुझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. मी तुला समजू शकते. मी तुझ्याशी भांडणार नाही, पण हे झालंच नाही असं धरून पुढे जाणं मला जमणार नाही. बाबांच्या वतीनं मी काही सांगू शकत नाही, माझ्यापुरतं बोलायला मी तयार आहे. फोन कर किंवा घरी ये."

मनोव्यापार
चांगलं आहे. आरोप नाही, जे घडलं तेच आहे. 'बाबांना ते कळलं होतं' हे तिला खूप लागेल, ते ठेवायचं का याचा एकदा विचार करा. मी असतो तर ठेवलं असतं, पण मेसेजमध्ये नाही, समोर बसून सांगितलं असतं.

चौथा_माळा
मी तर ठेवाच म्हणेन. खरं आहे ते. आणि ती आलीच नाही तर सांगायचं राहूनच जाईल.

खडूस_काका
'मी तुला समजू शकते' काढा. अजून समजलेलं नाहीये, तुम्हीच वर लिहिलंय. बाकी पाठवा.

आडवाट
ते काढलं. बाबांचं ठेवलंय.